हिराबाय आणि तिसऱ्या मजल्यावरचं भंगार

हिराबाय मला पहिल्यांदा भेटल्या त्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात. मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली चालले होते. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, पायरीवर बसकण मारली, पिशवी पालथी केली आणि माझ्याच घरातला कचरा मला समजावून सांगायला लागल्या.

"यो कुकरचा रबर. टाकलास कशाला?"

"ढिला झालाय, आजी."

"कुकरला ढिला झाला. मडक्याखाली ठेवायला न्हाय झाला." मग मोडकी छत्री वर धरून म्हणाल्या, "काड्या गेल्या, पर कापड बघ. ह्याच्यात अजून जीव हाय."

बटाट्याच्या सालींखेरीज सगळं पदरात बांधून त्या निघून गेल्या. रिकामी पिशवीही घेऊन गेल्या. सालींचं शेळ्यांना विचारून येते म्हणाल्या.

ही दोन हजार तीन-चारची गोष्ट. आम्ही भिवंडीजवळ काल्हेरला नवीन राहायला आलो होतो. नवरा तिथल्याच एका गोदामात सुपरवायझर, मुलगी दुसरीत, आणि मी दिवसभर घरी. रोज दुपारी चारला हिराबाय लुगडं खोचून एकेक मजला चढायच्या आणि दारोदार विचारायच्या, "काय रिकामं हाय का गो?" मी एकदा दया येऊन विचारलं, "आजी, शिळी चपाती देऊ?" त्यांनी ती घेतलीही, कोंबड्यांसाठी. खाली वॉचमनला हे सांगितलं, तर त्याने कपाळाला हात लावला. "भाभी, ये पूरी बिल्डिंग जिस जमीन पे खडी है ना, वो उनकी थी!"

खरंच होतं ते. त्यांच्या मुलाची, नामदेवदादांची, तीन गोदामं भाड्याने होती. दारात दोन गाड्या, बंगल्याला पांढरे खांब. चपातीची आठवण झाली की मला आठवडाभर घाम फुटायचा.

मग एकदा हिराबायच मला बंगल्यामागच्या परसात घेऊन गेल्या. तिथे जुन्या टीव्हीचा नुसता खोका होता, काच नि आतलं सगळं काढलेला. आत भाताचं तूस घालून एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. हिराबाय म्हणाल्या, "आता कसा बरा कार्यक्रम लागतो." घेवड्याच्या वेलावर कॅसेटच्या फिती ताणल्या होत्या. वाऱ्यावर त्या सळसळायच्या आणि चिमण्या पळायच्या. "दादाच्या लग्नाची गाणी हायेत," त्यांनी सांगितलं. "चिमण्यांना न्हाय आवडत." यंत्रमागावरून निघणाऱ्या कापडाच्या काठांच्या त्यांनी पायपुसण्या विणल्या होत्या, आणि त्या इतक्या देखण्या होत्या की पाय पुसायचा धीर होत नसे.

परसातल्या अळूचंही नाव घ्यायला हवं. हिराबाय अख्ख्या बिल्डिंगला अळू वाटायच्या. लुसलुशीत, हाताएवढी पानं. मी दोनदा वड्या केल्या. नवऱ्याने बोटं चाटली. त्या दिवशी परसात फिरताना मला तो अळू दिसला, एका गुलाबी कमोडमध्ये, टेचात उभा.

माझा चेहरा पाहून हिराबाय गडबडीने म्हणाल्या, "कोरा हाय गो! टेम्पोतनं उतरवताना तडकला. कोन बसला न्हाय त्याच्यावर!"

घरी जाऊन मी हे सांगितलं नाही. नवरा अजूनही त्या वड्यांची आठवण काढतो.

नामदेवदादा मात्र वैतागले होते. एकदा गेटवर भेटले तर हात जोडून म्हणाले, "वहिनी, आईला काय देऊ नका. पाहुणे हसतात. आन् तिचे गुडघे पन गेलेत, डॉक्टरनी जिने बंद सांगितलेत."

गुडघ्यांचं मला पटलं. मी एक शक्कल काढली. तळमजल्यावर मोठी गोणी ठेवली आणि सगळ्या बायकांना सांगितलं, आजींसाठी जे असेल ते यात टाका. चार दिवसांत गोणी तोंडापर्यंत भरली. डबे, बाटल्या, फाटक्या जीन्स, एक चालू टेबलफॅनसुद्धा. मला फार कौतुक वाटलं स्वतःचं.

हिराबाय आल्याच नाहीत. आठ दिवस झाले, गोणी तशीच. आजारी पडल्या की काय म्हणून शेवटी मी ती रिक्षात घालून बंगल्यावर नेली.

पुढच्या खोलीत एसी नि टीव्ही चालू होता, माणूस कोणी नव्हतं. सूनबाई वर होत्या. हिराबाय मागच्या ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी गोणीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"तिकडं ठेव," म्हणाल्या.

पत्र्याच्या शेडमध्ये मी गोणी ठेवायला गेले आणि थांबलेच. तिथे छतापर्यंत आमच्याच बिल्डिंगचं सामान रचलेलं होतं. माझे तेलाचे डबे, वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या साड्या. धूळ बसलेली. दहातल्या एका वस्तूला हात लागला असेल.

"आजी, एवढं पडून आहे, मग अजून मागता कशाला?"

आमच्या बिल्डिंगकडे हात करून त्या म्हणाल्या, "तिथं भाताच्या लावनीला आम्ही पंधरा बाया असायचो. येक गप बसंल तर शप्पथ. आता दादा गोदामावर, सून वर. तू गोनी ठेवलीस. बरं केलंस, पोरी. पर गोनीशी काय बोलू मी?"

घरी गेल्या गेल्या मी सगळ्या बायकांना सांगितलं, खाली काही ठेवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी चारला बेल वाजली. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आलेल्या हिराबाय कठड्याला धरून धापा टाकत होत्या. आणि नेमकं घरात रिकामं असं काही उरलेलंच नव्हतं. मी त्यांना बसवलं, चहाचं आधण ठेवलं, हळदीची भरली बरणी एका पातेल्यात ओतली, घाईघाईने धुतली आणि आणून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी बरणी उजेडात धरली. तळाशी पिवळं पाणी होतं. नाकाशी नेऊन वास घेतला. मग पदराच्या टोकाने ती आतून हळूहळू पुसत म्हणाल्या,

"हळद संपली म्हनायची तुजी. बरं, साखर जरा जास्त घाल. आन् उद्या मिरचीची बरनी संपव."