डोके ठिकाणावर असल्याचा दाखला

माणसाचे डोके ठिकाणावर राहायचे असेल तर आधी माणसाला ठिकाण हवे, हे सत्य सर्वप्रथम आमच्या कार्यालयाला उमगले. त्यातूनच मनाच्या आजारातून किंवा व्यसनातून उठलेल्यांसाठी 'आधार निवास' ही दहा खोल्यांची इमारत उभी राहिली. परवडेल असे भाडे, तळमजल्यावर रोजच्या गोळ्या देणारी परिचारिका, आठवड्यातून एकदा डॉक्टर. मी तिथला नोंदणी कारकून. साडेतीन वर्षांत एकाही रहिवाशाची तक्रार नाही, की भिंतीवर तेलकट डोक्याचा डाग नाही. (रहिवासीही नाही. पण यश मोजताना इतक्या खोलात जायचे नसते.) परिचारिका मात्र रोज वेळेवर येते. तिचे सात स्वेटर विणून झाले आहेत.

या यशाचे श्रेय अर्जातल्या रकाना नऊला द्यावे लागेल. 'मानसिकदृष्ट्या स्थिर' हे शब्द जड वाटतात, सोपी मराठी वापरा, असा वरून आदेश आला, म्हणून साहेबांनी तिथे 'डोके ठिकाणावर' असे घातले. छापखान्यात हा प्रश्न आणि खालचा पत्त्याचा प्रश्न एकमेकांना चिकटले आणि रकाना असा झाला: 'अर्जदाराचे डोके ठिकाणावर आहे काय? असल्यास ठिकाणाचा पूर्ण पत्ता लिहावा.' चूक लक्षात आली तेव्हा पाच हजार प्रती येऊन पडल्या होत्या. कागद वाया घालवणे आमच्या तत्त्वात बसत नाही. म्हणून चुकीचाच नियम करण्यात आला.

पहिला अर्ज आला तो याच इमारतीची वायरिंग केलेल्या वायरमनचा. एके काळी त्याला आवाज ऐकू यायचे आणि ते बंद पाडायला तो प्यायचा. आता चौदा महिने थेंब नाही, गोळ्या चालू, हातातली पक्कड स्थिर. सात नंबरच्या खोलीत खिडकीपाशी त्याने नकाशात नसलेला एक प्लग बसवला होता. मी विचारले तेव्हा म्हणाला, "जो कोणी राहील त्याला रेडिओ लागेल ना." तो थोरल्या बहिणीकडे राहत होता. दाजी देवमाणूस, पण घर दोन खोल्यांचे, आणि घरमालकाने महिन्याची मुदत दिली होती: एक तर मेहुणा जाईल, नाहीतर सगळेच.

रकाना नऊमध्ये त्याने लिहिले, 'होय. ताईचे स्वयंपाकघर, ओट्यासमोरची जागा, रात्री दहा ते सकाळी सहा.' एवढे खरे आमच्या कार्यालयात त्याआधी कोणी लिहिले नव्हते. समितीने सांगोपांग विचार करून ठरवले की अर्जदाराला ठिकाण आहे, सबब निवाऱ्याची गरज नाही. अपात्र.

मग ताईने 'आता तो माझ्याकडे राहत नाही' असे लिहून दिले. समितीने पुन्हा विचार केला. ठिकाणच नाही, तर डोके ठिकाणावर असेल कसे? अपात्र.

"म्हणजे घर आहे म्हणून घर नाही," ताई म्हणाली, "आणि घर नाही म्हणून डोकं नाही?"

"बरोबर समजलात," साहेब खूश होऊन म्हणाले. "नाहीतर लोकांना चारचारदा सांगावं लागतं."

साहेब मनाने वाईट नाहीत. इकडे आड तिकडे विहीर असली की मधली पायवाट शोधणे हा त्यांचा हातखंडा. त्यांनी विशेष बाब काढली: अर्जदाराने तीस दिवस उघड्यावर राहून डोके ठिकाणावर ठेवून दाखवावे.

"खरंच बाहेर काढू त्याला?" ताईने विचारले.

"खोटं लिहून दिलेलं चालत नाही, ताई."

वायरमन बसथांब्याच्या बाकावर राहायला गेला. ताई रोज सकाळी गोळ्या आणि डबा घेऊन जाई. आमचा निरीक्षक रोज शेरा लिही. पहिले अठरा दिवस 'ठीक'. एकोणिसाव्या दिवशी पिशवी चोरीला गेली, तिच्यात पक्कड होती. विसाव्या दिवसापासून तो गोळ्या हातात घेई आणि ताईची पाठ वळली की टाकून देई. तेविसाव्या दिवशी तो थांब्यावरच्या ट्यूबलाइटशी बोलताना आढळला. (विषय: तुला कोणी जोडलं?) सव्विसाव्या दिवशी तोंडाला वास आला. समितीचे निदान खरे ठरले आणि आम्ही एकमेकांचे अभिनंदन केले.

ताई कार्यालयात आली, बाकावर बसली. भांडली नाही.

"तो बरा होता हो, भाऊ," ती मला म्हणाली. "मी तुमच्याकडे बरा माणूस घेऊन आले होते."

मला फार वाईट वाटले. (त्यासाठी आमच्याकडे जेवणाची सुट्टी असते.) पण वाईट साहेबांनाही वाटले असावे, कारण त्याच आठवड्यात त्यांनी रकाना नऊ दुरुस्त करायला घेतला. कोणाला घर नसले तरी खोली मिळेल, असा साधा मजकूर. नियमाप्रमाणे इमारतीच्या दारावर सूचना लावली: नागरिकांची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.

एकशे बारा पत्रे आली, सगळी आसपासच्या इमारतींतून, सुवाच्य अक्षरात. प्रत्येकाची सुरुवात सारखीच: 'आम्हाला या लोकांबद्दल पूर्ण सहानुभूती आहे, पण'. पणच्या पुढे लहान मुले होती, वयस्कर सासूबाई होत्या, संध्याकाळचे फिरणे होते. योजना उत्तम आहे, ती दुसरीकडे राबवावी, यावर एकशे बाराही जणांचे एकमत होते. दुरुस्ती रद्द झाली.

त्यातले तुमचे पत्र मी नमुना म्हणून फाइलीत सर्वांत वर लावले आहे. भाषा संयमी आहे, 'माणुसकी' हा शब्द तीनदा आला आहे, आणि खाली तुमचे ठिकाण पिनकोडसकट लिहिलेले असल्यामुळे डोक्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तो बाक तुमच्या गॅलरीतून दिसतो, असे तुम्हीच त्यात लिहिले आहे. तेव्हा जिन्यातला दिवा कधी मिणमिणायला लागला तर लांब जाऊ नका, वरूनच हाक मारा. तुमच्या इमारतीची वायरिंगही त्यानेच केली आहे.