कठड्याच्या आतलं घर

नाताळची रोषणाई पाहायला मुद्दाम जावं असं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. त्या संध्याकाळी गेलो, कारण मी तिथेच राहतो.

शहर सुशोभीकरण समितीने यंदा आमचा चौक ‘मुख्य आकर्षण’ म्हणून घोषित केला होता. मधोमध तीन मजली झाड, झाडामागे आमची इमारत आणि दोघांना मिळून एक कठडा. सकाळी कामावर निघालो तेव्हा कठडा नव्हता. संध्याकाळी आईच्या दम्याचा नवा पंप घेऊन परतलो, तर होता. वाटेतच तिचा फोन आला होता, “ये रे लवकर, छाती नुसती घरघरतेय.”

कठड्याशी समितीचं जाकीट घातलेली मुलगी उभी होती.

“काका, रांग मागून आहे.”

“अगं, मला रोषणाई नाही बघायची, घरी जायचंय. ते बघ, हिरवे पडदे.”

“सगळे असंच सांगतात हो,” ती समजुतीने म्हणाली.

झक मारत रांगेत लागलो. रांग एकाच दिशेने सरकत होती, थांबायला मनाई. आमच्या खिडकीखाली आलो तेव्हा आई दोन्ही हातांनी काचेवर थापा मारत होती.

“उजवीकडे वर पाहा,” मार्गदर्शक ध्वनिक्षेपकावरून म्हणाला, “खिडकीतली आजी! छातीसुद्धा हलते, बरं का.”

टाळ्या पडल्या. “आमच्या भागात नुसती हरणं,” एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, “इथे खर्च केलाय मेल्यांनी.”

“अहो, ती माझी आई आहे!” मी ओरडलो.

“बघा, प्रेक्षक किती समरस होतात,” मार्गदर्शक म्हणाला. मागच्यांच्या रेट्याने मी थेट चौकाबाहेर, मेणबत्त्यांच्या दुकानात जाऊन पडलो.

तिथून तडक सजावट अधीक्षकांच्या तंबूत गेलो. माणूस सज्जन होता, बसायला खुर्ची दिली.

“नियम साधा आहे. कठड्याच्या आत फक्त सजावट.”

“मग माझी आई?”

“त्या आत आहेत. म्हणजे सजावट.”

“आणि मी?”

“तुम्ही बाहेर. म्हणजे प्रेक्षक. आज तुम्हाला सोडलं, तर उद्या कुणीही उठून आपापल्या घरी जाईल.”

“मग मला सजावट करा!”

अधीक्षकांचा चेहरा उजळला. सांताक्लॉजचं एक पद रिक्तच होतं. पाच मिनिटांत मला लाल डगला आणि दाढी मिळाली. त्याच मुलीने अदबीने कठडा उघडला. मी जिने धावत चढलो. आईने दोन फवारे ओढले, तिच्या जिवात जीव आला आणि ती म्हणाली, “हे काय सोंग घेतलंयस?” मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडलो, दाढीसकट.

दुसऱ्या दिवशी कामावर जायला खाली उतरलो, तर मुलीने अडवलं. “सजावट बाहेर नेता येत नाही, काका. चोऱ्या होतात.”

“कधीपर्यंत?”

“हंगाम संपेपर्यंत.”

अलोट प्रतिसादामुळे हंगामाला दोनदा मुदतवाढ मिळाली. शेजाऱ्यांना आता खिडक्यांत देवदूत म्हणून उभं केलंय. आम्ही फोन करून रुग्णवाहिका बोलावली. ती आली, पण कठड्याच्या आत आली. झाडाशेजारी तिचे दिवे दिवसभर फिरत असतात, चालक टोपी घालून बसलेला असतो. लोकांना तीही फार आवडते.

काल पंप संपला.

काल तुम्हीही आला होतात. हो, तुम्हीच; लेकीला खांद्यावर घेतलं होतं. आई काच बडवत होती. मी शेजारी उभा राहून रिकामा पंप दाखवत होतो, घसा फुटेस्तोवर ओरडत होतो. तुमच्या लेकीने विचारलं, “बाबा, ती आजी रडतेय का?” तुम्ही म्हणालात, “नाही गं, तशीच बनवलीये.” मग मोबाइल वर करून मला म्हणालात, “सांता, जरा हस ना!”

मी हसलो. फोटो चांगला आला असेल.