भुशाची वाट

आमच्या शेजारचे बाळारामकाका अधूनमधून भुसा होतात. पडवीतल्या करवतीच्या मशीनपासून निघतात, भिंतीला धरून चालतात, कोपऱ्यात खांदा आपटून थांबतात आणि जाहीर करतात, "अडाकलो." मग भिंतीवर खडूने काढलेली पाइपची रेघ पुसायची, कोपरा गोल करायचा आणि पुन्हा करवतीपासून निघायचं.

पूर्णा गावातली त्यांची शेती गोदामांखाली गेली आणि रिकाम्या हातांना सुतारकामाचा नाद लागला. आता आमच्या आळीत त्यांच्या स्टुलाशिवाय घर नाही, आणि न डुगडुगणारं स्टूलही नाही. पण डाळीत भुसा, उशीवर भुसा. काकूंचा खोकला थांबेना. शेवटी त्या वडप्याला भावाकडे निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, की या घरात एक तर भुसा राहील, नाहीतर मी.

काकांनी दोन्ही राखायचं ठरवलं. मशीनजवळचा भुसा पंख्याने तिथल्या तिथे ओढायचा आणि पाइपातून बाहेरच्या पिंपात सोडायचा. हा पाइप कुठून न्यावा, यावर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून बोलत. दूधवाला लांबून जाऊ लागला. "हवा म्हंजे जावई," काका सांगत. "काटकोनात वलवलास का रुसला."

मदतीला त्यांनी मला निवडलं. "तू गप ऱ्हातेस, ता बरा हाय. बोलल्यानं धूर हलतो."

धूर अगरबत्तीचा. पाइप बसले, पंखा लावला, आणि मी एकेका सांध्याभोवती अगरबत्ती फिरवू लागले. धूर आत ओढला गेला, की सांधा गळका. काका वाकून, श्वास रोखून बघत होते. समोरच्या आजींनी हे दारातून पाहिलं. त्यांनी चपला काढल्या, आत आल्या आणि पाइपला हात जोडले. मागून आणखी दोघी आल्या. नारळही आला. खरं सांगायचा धीर ना मला झाला, ना काकांना. काकांनी नारळ फोडला.

खोबरं घेता घेता आजींनी विचारलं, नवस कसला?

काका पाइपाकडे बघत म्हणाले, "हिनं घरी यावा."

बाळारामने बायकोसाठी पाइप पूजला, ही बातमी वडप्याला पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी काकू रिक्षातून उतरल्या, त्या नाकाला पदर लावूनच. काकांनी पंखा लावला आणि करवतीवर फळी धरली. फळी कापून झाली. काकूंनी पदर जरा सैल केला, मग सोडला. खोकला आला नाही. तिथेच पाटावर बसून त्या भावजयीच्या तक्रारी सांगू लागल्या.

काकांनी करवत बंद केली. पंखाही.

"दुसरी फळी कापायची होती ना?" मी विचारलं.

"ऱ्हाव दे," काका हळूच म्हणाले. "मशीनीत हिचा बोलना ऐकू येत न्हाय."