चार बॅटऱ्या आणि एक दिवा

"यंदा लाइट गेली," ग्लेनिस म्हणाली, "की माझं नदीकाठी राहणं संपलं. मग पुढं फक्त कॅरॅव्हॅन पार्कातली पॉवरवाली साइट. कायमची."

हे ती टोस्टला खारट व्हेजिमाइट फासता फासता, अगदी शांतपणे म्हणाली, आणि म्हणूनच तिचा नवरा नेव्हिल हादरला. ग्लेनिस चिडून काही बोलली तर संध्याकाळपर्यंत विसरून जायची. टोस्ट करताना बोलली की ती काळ्या दगडावरची रेघ.

गेल्या वर्षी मरी नदीच्या त्यांच्या लाडक्या वळणावर त्यांच्या कॅरॅव्हॅनच्या एकुलत्या एका बॅटरीने ऐन सकाळी मान टाकली होती. कॉफीचं मशीन अर्धा कप भरून घुरघुरलं आणि गप्प झालं. ग्लेनिसने बॅलारातच्या एका बेकरीत उभा जन्म कॉफी करण्यात काढलेला. अख्ख्या गावाला पाजली. निवृत्त झाल्यावर तिची मागणी एकच होती, की सकाळी नदीकडे बघत एक धड फ्लॅट व्हाइट, म्हणजे वाफाळल्या दुधाची कॉफी, मिळावी. बरणीतली भुकटी गरम पाण्यात ढवळून जे होतं, त्याला ती कॉफी म्हणत नसे. ती त्याला 'ते' म्हणायची.

आणि नेव्हिलला पॉवरवाल्या साइटचा मनस्वी तिटकारा. वीज मिळते हे खरं, पण शेजारच्या कॅरॅव्हॅनमधलं घोरणंही फुकटात मिळतं. फाटकाला कोड, अंघोळीच्या खोलीला कोड, कुत्र्याला वेळापत्रक. उलट त्या वळणावर त्याच्या वडिलांनी त्याला गळ टाकायला शिकवलं होतं. ते वळण सुटलं तर उरलेलं वर्ष कशाच्या आशेवर काढायचं, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं.

तेव्हा नेव्हिलने बॅटरी वाढवायचं ठरवलं. स्वतःच्या हाताने. इथेच सगळ्याला सुरुवात झाली.

"आहे तिच्या जोडीला आणखी एक लावतो," त्याने कुंपणावरून शेजारच्या रॉसला सांगितलं.

"जुनीच्या जोडीला नवी?" रॉसने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, आळशाच्या शेजारी कामसू माणूस बसवला तर कोण सुधारतं? नवी पण बसेल पाय पसरून. लावायच्या तर सगळ्या नव्या लाव."

"सगळ्या म्हणजे किती?"

"तुझ्या मिसेसला कॉफी किती लागते?"

नेव्हिलने चार आणल्या. एकेक उचलताना त्याच्या तोंडून जे शब्द बाहेर पडले, ते ऐकून रॉसच्या बायकोने खिडकी लावून घेतली. त्या त्याने पुढच्या बाजूला, पलंगाखाली बसवल्या, मोठ्या आनंदाने शिट्टी वाजवत कॅरॅव्हॅन गाडीला जोडली आणि बघतो तर गाडीचं ढुंगण जमिनीला टेकायला आलेलं आणि नाक आभाळात.

"वजन पुढं झालं," रॉस कुंपणावरून म्हणाला.

नेव्हिलने बॅटऱ्या मागे नेल्या आणि एक फेरी मारायला हमरस्त्यावर गेला. कॅरॅव्हॅन मागच्या मागे अशी झुलायला लागली की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून दमला. नेव्हिल पांढराफटक होऊन परत आला.

"वजन मागं झालं," रॉस म्हणाला.

"तुला आधी नाही सांगता आलं?"

"तू विचारलंस कुठं? वजन चाकांच्या डोक्यावर पाहिजे, गड्या. बरोब्बर मधोमध."

चाकांच्या डोक्यावर होता स्वयंपाकाचा खालचा कप्पा. तो रिकामा करायला वेळ कितीसा लागतो! नेव्हिलने त्यातलं सगळं एका खोक्यात भरलं, खोकं तात्पुरतं गॅरेजमध्ये ठेवलं आणि चारही बॅटऱ्या कप्प्यात ठाकठीक बसवल्या. वायरी ओढल्या, इन्व्हर्टर लावला, छतावर आणखी सोलर पट्ट्या चढवल्या आणि भिंतीवर किती टक्के उरले ते दाखवणारा एक इवलासा पडदा लावला. पडद्यावर शंभर उमटलं, तेव्हा त्याने ग्लेनिसला हाक मारून दाखवलं. नातवंड दाखवावं तसं.

"छान," ग्लेनिस म्हणाली. "आणि वजन?"

वजन! मर्यादेपेक्षा एवढंसंही जास्त निघालं आणि काही झालं तर विमेवाले हात वर करतात, हे नेव्हिलला पाठ होतं. पहाटे तो गावाबाहेरच्या वजनकाट्यावर गेला, ग्लेनिसला घेऊन. काटा हलला, थरथरला आणि लाजच काढली.

"जास्त भरतंय," काट्यावरची बाई म्हणाली. "काहीतरी उतरवा."

"मी उतरू का?" ग्लेनिसने विचारलं.

घरी येऊन नेव्हिलने उतरवाउतरव सुरू केली. लोखंडी भांडं गेलं. दारापुढं लावायचा कापडी मांडव गेला. त्याचे स्वतःचे मासेमारीचे दोन डबे गेले, तेव्हा त्याला गलबलून आलं. गॅरेजमधलं तात्पुरतं खोकं परत आत नेण्याचा तर प्रश्नच नव्हता. ते जड होतं, आणि जड वस्तूंवर नेव्हिलचा आता राग होता. पुन्हा काट्यावर गेले. काटा मर्यादेच्या केसभर खाली थांबला आणि नेव्हिलने काट्यावरच्या बाईला मिठीच मारायची बाकी ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते नदीवर पोचले. वळण तसंच होतं. निळसर पाणी, वाळूचा पट्टा, डोक्यावर कलकलणारे कोकाटू पोपट.

"त्या निलगिरीच्या झाडाखाली लाव," ग्लेनिस म्हणाली. "सावली आहे."

"सावलीत सोलर चालत नाही. शिवाय फांदी पडली म्हणजे? गेल्या वर्षी कोणाच्या तरी गाडीचा चपटा डबा झाला होता."

"फांदीचं निमित्त. तुला ऊन पाहिजे."

"दोन्ही," नेव्हिलने प्रामाणिकपणे सांगितलं आणि कॅरॅव्हॅन भर उन्हात लावली. मग तो पडदा बघायला गेला. शंभर. खुर्ची मांडली आणि पडदा बघायला गेला. शंभर. गळ टाकला, दोरी पाण्यात सोडून धावत येऊन पडदा बघितला. ग्लेनिसने वाचायला दिवा लावला तर हा मागून येऊन म्हणाला, "बाहेर अजून उजेड आहे की." संध्याकाळभर तो माणूस एका जागी असा बसलाच नाही.

सकाळी ग्लेनिस उठली, केस विंचरले, चांगला शर्ट घातला आणि स्वयंपाकाचा खालचा कप्पा उघडला. आत चार काळ्या बॅटऱ्या ओळीने बसल्या होत्या.

"नेव्हिल, मशीन कुठंय?"

"कुठलं मशीन? त्या कप्प्यात असेल," नेव्हिल पडद्यावरून डोळे न काढता म्हणाला. शंभर होते.

"या कप्प्यात?"

नेव्हिलने वळून कप्प्याकडे बघितलं. मग त्याला गॅरेज आठवलं. गॅरेजमधलं खोकं आठवलं. खोकं किती जड होतं तेही आठवलं.

"ग्लेन," तो म्हणाला, "आपल्याकडे वीज मात्र भरपूर आहे हं."

ग्लेनिसने गॅसवर पाणी ठेवलं, बरणी उघडली आणि 'ते' केलं. नदीकडे पाठ करून प्यायली. तिने आरडाओरडा केला असता तर नेव्हिलला बरं वाटलं असतं. ती टोस्टला लोणी लावत होती.

दिवसभर त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. गावात जाऊन नवं मशीन आणावं तर पुन्हा वजन. घरी जाऊन जुनं आणावं तर अख्खा दिवस ड्रायव्हिंग. कोकाटूंचा आवाजही त्याला खिदळल्यासारखा वाटायला लागला.

पाच वाजले तशी काठावरची मंडळी रीतीप्रमाणे आपापली खुर्ची आणि आपापली बाटली घेऊन गोलात येऊन बसली. पलीकडच्या भल्यामोठ्या कॅरॅव्हॅनमधला क्लाइव्ह आणि त्याची बायको पर्ल यंदा पहिल्यांदाच इथं आलेले. क्लाइव्हने विचारलं, "छतावर बऱ्याच पट्ट्या दिसतात तुझ्या. बॅटऱ्या किती?"

"चार!" नेव्हिलची छाती आपोआप फुगली.

"बापरे! त्यावर चालवता काय काय?"

नेव्हिल बाटलीवरचा कागद सोलायला लागला.

"एक दिवा," ग्लेनिस म्हणाली. "तो पण अंधार पडल्यावर."

गोलातले सगळे हसले. पर्ल मात्र हसली नाही. "आमचं उलटंच आहे बघा. कॉफीचं हे एवढं मशीन घेऊन फिरतोय, आणि लावायला प्लग नाही. आम्ही नेहमी पॉवरवरच उतरतो ना. आमची बॅटरी म्हणजे शोभेची."

ग्लेनिसने चीजचा तुकडा हळूच खाली ठेवला. "कसलं मशीन?" तिने विचारलं. तिचा आवाजच बदलला होता.

एकाकडे चणे आणि दुसऱ्याकडे दात अशी ही गाठ पडली. सकाळी क्लाइव्ह आणि नेव्हिल ते मशीन दोन्हीकडून धरून वाळूतून घेऊन आले. ग्लेनिसने बाह्या सरसावल्या, दांडा पिळला, वाफेचा फुस्स आवाज झाला आणि कॉफीचा वास पाण्यावरून निघाला. तिने पहिला घोट घेतला, डोळे मिटले. नेव्हिलला वाटलं, वाचलो.

पण वासाला कुंपण नसतं. आधी पर्लचा कप झाला. मग कुत्रा फिरवणारे आजोबा स्वतःचा मग घेऊन आले. मग तंबूवाल्या दोघी बहिणी आल्या. थोड्या वेळाने कॅरॅव्हॅनच्या दारापुढे चक्क रांग होती आणि ग्लेनिस दारात उभी राहून ओरडत होती, "फ्लॅट व्हाइट कोणाची? तुमची ना? जरा गार होऊ द्या, घाई कसली!" बेकरी सोडल्यापासून तिचा असा आवाज नेव्हिलने ऐकला नव्हता.

तो पडद्यापाशी उभा होता. नव्वद. ऐंशी. दर वाफेला आकडा पायरी उतरायचा. तो रांगेत गेला.

"बाई, तुम्ही काल रात्री नीट झोपल्या होतात ना?" त्याने एका बहिणीला विचारलं. "मग कॉफी कशाला?"

"नेव्हिल!" दारातून हाक आली. "गिऱ्हाइकं पळवू नकोस. कप धू."

नेव्हिलने कप धुतले. दुपारी कोणीतरी खायला स्कोन्स नावाचे गोडसर पाव आणले, म्हणून दुसरी फेरी झाली. त्यात ढग आले. उन्हाच्या हट्टापायी तो भर उघड्यावर भाजून निघाला होता, आणि आता ऊनच गायब! चाळीस. पंचवीस. दूध संपलं तरी लोक काळी कॉफी मागत होते. शेवटी त्याने पडद्यावर टॉवेल टाकला. बघवेना.

पाच वाजता पुन्हा गोल बसला. ग्लेनिस बिस्किटं आणायला आत गेली. नेव्हिलने कान टवकारले. बटण खटकलं. पुन्हा खटकलं. दिवा लागलाच नाही.

ती बाहेर आली, बिस्किटं मधे ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली. "लाइट गेली," म्हणाली.

"माहितीये." त्याने नदीकडे डोळे भरून बघितलं. वडील जिथं बसून गळ टाकायचे तो खडक अजून पाण्याबाहेर डोकं काढून होता. "ठरलं होतं तसं. सकाळी आवरतो. पॉवरवाली साइट शोधू."

"शोधायची कशाला? उद्यापासूनची गावात बुक आहे. घरून निघायच्या आधीच केली होती."

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वासच नव्हता!"

"तुझ्यावर होता. वायरिंगवर नव्हता." तिने एक बिस्कीट त्याच्या हातात कोंबलं. "उद्या गावात जाऊन ते बुकिंग रद्द करते. येताना दूध आणते. बरंच लागेल. त्या बहिणींचे पाहुणे येणारेत, आणि आजोबांना मी दोन कप कबूल करून बसलेय."

नेव्हिलला हे नीट समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो आपोआप खुर्चीत मागे रेलला. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच. पण मुळातच चुळबुळ्या जीव. घोटभर बिअर संपली आणि तो पुन्हा पुढं सरकला.

"ग्लेन, मी काय म्हणतो, एवढी गर्दी असेल तर आणखी एक बॅटरी बसवली तर?"

"बसव की," ग्लेनिस म्हणाली. "वजन जास्त भरलं, तर तू घरी राहा."