सटवाजीमामांची लेन्स

सटवाजीमामा कुणाशीही बोलताना आधी डावा डोळा तळहातानं झाकत, मग उजवा. "गुरुजी, ह्या डोळ्यानं तुमी धुक्यात हाव, आन् ह्यानं धुरात," हे त्यांनी मला भर बाजारात सांगितलं होतं.

मामा माझे शेजारी. जन्मभर पूर्णेला रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला आणि परभणीच्या डॉक्टरांनी त्यांना कोड्यात टाकलं. लांबचं दाखवणारी लेन्स बसवली तर वाचायला चष्मा. जवळचं दाखवणारी बसवली तर लांबचं बघायला चष्मा. तिसरी दोन्ही दाखवते, पण अंधारात दिव्यांभोवती कडी दिसू शकतात.

"म्हंजे कसं?" मामा दिसेल त्याला विचारू लागले. "सिग्नलचं बरं असतंय. थांब, न्हाईतर जा. इथं तिसरंच काहीतरी हाय!"

चहावाला म्हणाला, लांबची. न्हावी म्हणाला, जवळची. मामांना दोघांचंही पटलं. दोनदा ऑपरेशन पुढं ढकललं. शेवटी मीच त्यांना घेऊन परभणीला गेलो.

डॉक्टरांनी सरळ विचारलं, "काका, तुम्ही दिवसभर काय बघता?"

मामा खाली बघत म्हणाले, "बायकोचं तोंड."

डॉक्टर हसले. मामा हसले नाहीत.

"तिची वाचा गेलीय, साहेब. नुसते व्हट हलवती. ती खाटंवर, मी खुर्चीवर. दोन हाताचं अंतर. चष्मा हुडकेस्तोवर तिचं बोलणं होऊन जातंय."

अर्धांगवायूनं मामी अंथरुणाला खिळल्या, हे मला माहीत होतं. त्या अजून बोलतात, हे माहीत नव्हतं.

"दोन हातांवरचं स्वच्छ दिसेल असा नंबर ठेवू," डॉक्टर म्हणाले. "लांबचं बघायला चष्मा लावा."

"लांब कोण हाय माझं?" मामा म्हणाले.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो. मामांनी तिघांचा चहा केला आणि मामींना बशीनं पाजायला बसले. मामींचे ओठ हलले. मामांचा हात थांबला.

"काय म्हणाल्या?"

"साखर कमी टाक म्हणती." मामा त्यांच्याकडे बघत राहिले. "वर्षभर हेच म्हणत असंल, गुरुजी. आन् मी आपला हो हो म्हणून आनखी एक चमचा टाकायलोय."

मामी आवाज न करता हसत होत्या. नव्या डोळ्याला हात लावायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. मामांनी दुसराच पुसला.