चिकट कानांचं गाव

धोंडू मास्तर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, कानाकडे बघत. कर्जतच्या शाळेत मी रुजू झालो आणि त्यांना नमस्कार केला, तर मान वाकडी करून माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "सुटा. बसा." म्हटलं, झालं! शास्त्राचे मास्तर कामातून गेलेले दिसतात.

कानाची पाळी खाली मोकळी लोंबते तो 'सुटा', गालाला जोडलेली असते तो 'चिकट'. चिकट थोडे. दर रविवारी मास्तर खालापूरकडच्या एकाच गावात जाऊन ते मोजत. बायका पदर ओढून घेत, त्यांना वाटे ह्याचा बुगड्यांवर डोळा आहे. लढाईचे दिवस होते. एकदा मीही बरोबर गेलो, तर एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेतलं. "आरं मास्तरा, चिकट कानवाल्यांना पलटणीत धाडनार हाय का सरकार?"

मास्तर मला समजावत, "गाव मोठं हवं. बाहेरचा आत येऊ नये, आतला बाहेर जाऊ नये. कान बघून सोयरीक जमवू नये. चिकट काय, सुटा काय, पोरं सारखीच जगावीत. आणि बीज आपणहून बदलू नये. एवढ्या अटी पाळा, चिकट कान पिढ्यानपिढ्या तेवढेच राहतील. अहो, दोन सुट्यांच्या पोटीही चिकट येतो. दडतं, पण जात नाही!"

गाव मात्र एक अट पाळेल तर शपथ. कुणी मुंबईला गिरणीत गेला, "अट मोडली!" खोपोलीच्या वीजघरात लागलेला घाटावरचा माणूस गावात जावई झाला, "अट मोडली!" पटकीत पोरं गेली त्या वर्षी मात्र मास्तर मोजायलाच गेले नाहीत.

एकदा मी वैतागून म्हणालो, "कर्जतच्या कानांनी काय घोडं मारलंय? तेच गाव का?"

"सासुरवाडी आहे माझी."

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांची बायको बाळंतपणात गेली होती, मूलही गेलं होतं. मास्तरांनी पुन्हा लग्न केलं नाही.

मग त्यांच्या मेव्हण्याने चंद्रीचं, आपल्या मुलीचं, लग्न ठरवलं. नवरा लांब जळगावकडचा. गावात चिकट कान उरले होते चार, त्यांत चंद्री एक. मास्तर आठ दिवस भांडले. "गावातच दे तिला!"

मेव्हणा शेवटी म्हणाला, "दाजी, पोरगी हाय ती. तुमचा हिशेब नाय."

पाठवणीला मी मास्तरांबरोबर होतो. मला धास्ती, हे आता बैलगाडी अडवतात की काय. ते सरळ चंद्रीपाशी गेले आणि खिशातून एक चिंधी काढली. आत मोत्याच्या दोन कुड्या होत्या.

"तुझ्या आत्याचे कान अस्सेच. साध्या कुडीने ओढले जायचे, दुखायचे तिला. म्हणून मुद्दाम आखूड दांडीच्या करून घेतल्या. दोनदाच घातल्या तिने."

चंद्रीने तिथेच घातल्या. नेमक्या बसल्या. मास्तरांचा हात तिच्या कानापर्यंत गेला आणि तिथूनच मागे आला. पहिल्यांदाच मी त्यांना कुणाच्या तोंडाकडे बघताना पाहिलं.

"आतोबा, रागावलाव का वो?" चंद्री रडत म्हणाली.

"नाही गं. जा तू. मोडू दे अट."

गाडी हलली. मास्तर चाकाबरोबर चार पावलं चालले.

"लेकरू झालं की कान कसे आहेत ते कळव हो," ते ओरडले. आणि मग हळूच, तिला ऐकूही गेलं नसेल असं, म्हणाले, "सुटे असले तरी कळव."