जमिनीला विचारणारे अण्णा

निकम अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्याबाहेर थांबतात, उजवी टाच दोनदा जमिनीवर आपटतात आणि मान कलती करून ऐकतात. आमच्या वास्तुशांतीलाही त्यांनी हेच केलं. मग आहेराचं पाकीट हातात देत म्हणाले, "खाली भराव आहे. पण घाबरू नका." तेव्हापासून माझी बायको गोदरेजचं कपाट जागचं हलवू देत नाही.

इंदिरानगरात आमच्या कंपाउंडला लागून त्यांचा बंगला. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, काकू नातवाला सांभाळायला पुण्याला मुलीकडे. परसात कुदळ-फावडं नि खताच्या गोण्या ठेवायला अण्णांना पत्र्याची छोटी शेड हवी होती. भावाच्या द्राक्षबागेतले जुने लोखंडी अँगल येऊन पडले होते. प्रश्न फक्त पायाचा होता, आणि तो दोन वर्षं चालला.

"आधी जमिनीला विचारा!" हे त्यांचं पालुपद. विचारायचं म्हणजे खड्डा खणायचा, बादलीभर पाणी ओतायचं आणि ते जिरेपर्यंत घड्याळ लावून बसायचं. रविवारी सकाळी भिंतीवरून हाक यायची, "या, बघायला या!" खड्ड्याकाठी दोन खुर्च्या, थर्मासात चहा. खरं सांगतो, मलाही त्याची चटक लागली होती. आज पाणी किती वेळात जिरेल, याचा विचार मी शनिवारपासूनच करायचो.

"काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर नुसता कोबा टाकला तर पापडासारखा तडकेल," अण्णा म्हणायचे.

"मग विटांचे खांब?"

"एक खचला की बाकीचे तीन काय करणार? बघत बसणार!"

दगडांवर नुसती शेड ठेवली तर, या माझ्या प्रश्नावर त्यांनी विचार करायला महिना मागून घेतला. तीनदा भूमिपूजन झालं, दर वेळी कोपरा वेगळा. एका फावड्याच्या घरासाठी तीन नारळ फुटले.

शेवटी मलाच राहवेना. मी ओळखीचे एक मिस्त्री घेऊन गेलो. त्यांनी पहार मारली. "दीड फुटावर मुरूम हाय. काळी काढायची, मुरूम ठोकायचा, वर कोबा. यात इचारायचं काय?"

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले. पंधरा दिवसांत शेड उभी राहिली. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

नंतर तीन रविवार हाक आली नाही. चौथ्या रविवारी मीच गेलो. शेडमध्ये ना कुदळ होती, ना गोण्या. नव्या कोब्यावर दोन खुर्च्या होत्या. एकीवर अण्णा बसले होते. शेजारी थर्मास आणि दोन कप.

"दर रविवारी मांडतो," ते म्हणाले. "पण हाक कशासाठी मारणार? दीड फूट तर मला पहिल्याच खड्ड्यात कळलं होतं."

काय करून बसलो होतो मी! दुसऱ्या खुर्चीवर बसलो, चहा ओतून घेतला.

"अण्णा, मलाही सायकलींसाठी शेड टाकायचीय. पण आमच्याकडे भराव, तुम्हीच सांगितलंत. पाया कुठला घ्यावा?"

अण्णांनी कप खाली ठेवला. मान कलती झाली.

"त्या मिस्त्रीला सांगू नका," ते हळूच म्हणाले. "भराव म्हणजे घाई करून चालायचं नाही. दोन-तीन वर्षं तरी लागतील."

आणि पहार शोधायला उठले.